आकडा बरोबर, वस्तू भलतीकडे: निर्देशक टाकूनही जागा का चुकते

थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झाकणाचे निर्देशक, म्हणजे जागेचे आकडे टाकले: एक्सच्या खान्यात ०, वायच्या खान्यात ०, झेडमध्ये डब्याची उंची २५. एंटर दाबलं, आणि झाकण डब्यावर बसायचं सोडून ३० मिलिमीटर उजवीकडे आणि २० मिलिमीटर मागे जाऊन बसलं. डबा ६० बाय ४०चा, त्याचेही एक्स-वाय ०, ०. आकड्यांच्या हिशेबात दोघं एकाखाली एक. पडद्यावर मात्र झाकणाचा जेमतेम चतुर्थांश भाग डब्यावर, बाकीचं अधांतरी.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. माउसने झाकण धरलं, सरकवत सरकवत आणलं, थोडं झूम करून ‘बसलं की’ म्हटलं आणि पुढच्या कामाला लागलो. थ्रीडी प्रिंट काढल्यावर झाकण एका बाजूने अडकायला लागलं, कड ०.४ मिलिमीटर बाहेर होती. पुढे झाकणाची जाडी बदलली, फाइल पुन्हा आणली, आणि पुन्हा तेच ३० आणि २०. तिसऱ्या खेपेला माउसवरचा हात काढला. दर वेळी तेवढ्याच अंतराने चुकतंय म्हणजे ते हात हलल्यामुळे चुकत नाही. ३० म्हणजे ६०चं निम्मं आणि २० म्हणजे ४०चं निम्मं. उत्तर समोरच लिहिलेलं होतं, वाचलं नव्हतं एवढंच.

शाळेत आलेखाच्या कागदावर (५, ३) असा बिंदू काढायचो. बिंदूला लांबी-रुंदी नसते, त्यामुळे तो नेमका कुठे आहे यावर वाद होत नाही. मॉडेलिंगमध्ये तोच (५, ३) आपण खुर्चीला देतो, झाकणाला देतो, अख्ख्या इमारतीला देतो. आता खुर्ची (५, ३) वर ठेवायची म्हणजे तिचं काय ठेवायचं? पुढचा पाय, पाठ, की बैठकीचा मध्य? सॉफ्टवेअर हे विचारत बसत नाही. त्याने त्या वस्तूतला एक बिंदू आधीच धरून ठेवलेला असतो, तो (५, ३) वर नेला की त्याचं काम झालं. निर्देशक त्या बिंदूला असतात, वस्तूला नसतात. वस्तू त्याच्यामागून फरफटत येते. शिवाय मोजायचं कुठल्या शून्यापासून, हेही त्याने परस्पर ठरवलेलं असतं. नेमके आकडे टाकूनही जागा चुकते तेव्हा बहुतेक वेळा या दोन गोष्टींपैकी एकीबद्दल आपली समजूत वेगळी आणि सॉफ्टवेअरची वेगळी असते.

आधी वस्तू शून्यावर पाठवा

दुरुस्ती नंतर, निदान आधी. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत होते. मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून बटणं तिथली सांगतो. ही चाचणी मात्र आकडे दाखवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते.

वस्तू निवडा. एन दाबून उजवीकडची पट्टी उघडा आणि आयटमच्या टॅबमध्ये लोकेशनचे तिन्ही आकडे कागदावर उतरवून घ्या. शिफ्ट-सी दाबा, म्हणजे थ्रीडी करसर (जागा दाखवणारी हलती खूण) जगाच्या शून्यावर जाऊन बसेल आणि खरं शून्य कुठे आहे ते डोळ्यांसमोर राहील. आता लोकेशनच्या तिन्ही खान्यांत ० टाका आणि वस्तू कुठे जाते ते बघा. बघून झालं की कंट्रोल-झेड.

वस्तूचा नारिंगी ठिपका (सॉफ्टवेअरने धरलेला तो बिंदू, म्हणजे ओरिजिन) करसरवर आला, पण तिचं अंग दुसरीकडेच आहे: दोष ओरिजिनचा. ठिपकाच करसरवर आला नाही: वस्तू दुसऱ्या कुणाला तरी पेरेंट करून जोडलेली आहे (ती हलली की ही हलते), किंवा तिच्यावर कन्स्ट्रेंट, म्हणजे जागेचं बंधन आहे. (दोन्ही नसेल तर ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये डेल्टा ट्रान्सफॉर्म उघडून बघा, तिथे कधीकधी जुने आकडे दडून बसलेले असतात.) आकडा टाकला पण फ्रेम बदलताच जुना परत आला: अ‍ॅनिमेशनची की, म्हणजे त्या फ्रेमसाठी नोंदवून ठेवलेला आकडा. ठिपका आणि अंग दोन्ही जागेवर, पण फाइल दुसरीकडे उघडली की बिघडतं: एकक किंवा अक्ष.

ठिपका एकीकडे, अंग दुसरीकडे

सगळ्यांत जास्त वेळा सापडतो तो हाच दोष. तो येतो कुठून हे कळलं नाही तर दुरुस्त करूनही परत येतो.

टॅब दाबून एडिट मोडमध्ये (वस्तूचा आकार बदलायच्या मोडमध्ये) आहोत हे विसरून सगळं निवडलं आणि जी दाबून सरकवलं, की अंग सरकतं आणि ठिपका होता तिथेच राहतो. लोकेशनचे आकडेही बदलत नाहीत, त्यामुळे काही घडलंय हे कळतच नाही. दुसरी वाट कंट्रोल-एची. ‘अप्लाय’ केलं की सगळं नीट होतं, असा एक समज आहे. रोटेशन आणि स्केलच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. लोकेशन अप्लाय केलं मात्र की ठिपका उचलून शून्यावर ठेवला जातो आणि वस्तू जागची हलत नाही. मग खान्यात ०, ०, ० दिसतं आणि वस्तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तिसरी वाट कंट्रोल-जेची: दोन वस्तू जोडल्या की शेवटी निवडलेल्या वस्तूचा ठिपका उरतो, दुसरीचा जातो. आणि चौथी म्हणजे बाहेरून आणलेल्या फाइली. ज्याने ते मॉडेल काढलं त्याचं शून्य जिथे होतं, तिथे तुमचा ठिपका. माझ्या झाकणाचं हेच झालं होतं. डब्याचा ठिपका तळाच्या मध्यावर, झाकणाचा कोपऱ्यात.

एकाच सॉफ्टवेअरमध्येही हा बिंदू सगळीकडे सारखा असेल असं धरून चालू नका. ओपनएससीएडी या कोड लिहून मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काही न सांगता क्यूब काढला तर त्याचा कोपरा शून्यावर येतो. सिलिंडर काढला तर त्याचा अक्ष शून्यातून जातो आणि बूड शून्यावर टेकतं. स्फिअरचं केंद्रच शून्यावर. तिन्ही एकाच निर्देशकावर ठेवले तर तिघांची तोंडं तीन दिशांना.

दुरुस्तीसाठी सवयीने सगळे ‘ओरिजिन टू जॉमेट्री’ करतात. त्यात एक खोच आहे. ब्लेंडर तिथे आपणहून मीडियन धरतो, म्हणजे सगळ्या व्हर्टेक्सची (वस्तूच्या कोपऱ्यांच्या बिंदूंची) सरासरी. साधं खोकं असेल तर ती मध्यावरच येते. पण एकाच कोपऱ्याला गोलाई दिली असेल, तर तिथे व्हर्टेक्सची दाटी होते आणि सरासरी त्या कोपऱ्याकडे ओढली जाते. ठिपका मध्याच्या जवळ दिसतो, मध्यावर नसतो. फरक मिलिमीटरचा किंवा त्याहून कमी, म्हणजे डोळ्याला न दिसणारा आणि प्रिंटमध्ये हमखास नडणारा. कमांड दिल्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यात जी छोटी चौकट उघडते, तिथे मीडियनच्या जागी बाउंड्स सेंटर निवडा. मग तो बाहेरच्या मापांचा मध्य धरतो.

माझ्या मते मात्र मध्य हा बिंदूच मुळात कामाचा नसतो. जमिनीवर ठेवायच्या वस्तूचा ठिपका बुडाला हवा, दाराचा बिजागरीच्या रेषेवर, एकमेकांवर बसणाऱ्या भागांचा दोघांना समान असलेल्या कोपऱ्यावर किंवा भोकाच्या केंद्रावर. ज्या जागेवरून आपण खरोखर मोजतो, ती जागा. तो तिथे नेण्याची पद्धत अशी: एडिट मोडमध्ये जाऊन तो एक व्हर्टेक्स निवडा, शिफ्ट-एसच्या मेन्यूतून ‘करसर टू सिलेक्टेड’ करा, टॅब दाबून ऑब्जेक्ट मोडमध्ये या आणि ऑब्जेक्ट मेन्यूतल्या सेट ओरिजिनमधून ‘ओरिजिन टू थ्रीडी करसर’ द्या. भोकाचं केंद्र हवं असेल तर त्याच्या कडेचे सगळे व्हर्टेक्स निवडा, बाकी तेच. यानंतर लोकेशनमधला आकडा म्हणजे त्या कोपऱ्याचा आकडा. आता वजाबाकी नको आणि निम्मं करणं नको.

एडिट मोडमध्येच एखादी कड नेमक्या आकड्यावर आणायची असेल, तर एनच्या पट्टीत ग्लोबल निवडलंय ना ते आधी बघा. लोकलवर असेल तर आकडे ठिपक्यापासून मोजलेले असतात आणि स्केल १ नसेल तर ते खरे मिलिमीटरही नसतात. अनेक व्हर्टेक्स निवडले असतील तर तिथे मीडियन लिहून येतं. त्यात ३० टाकलं तर सगळे ३० वर येत नाहीत, त्यांची सरासरी ३० वर येते आणि आपापसातली अंतरं तशीच राहतात. सगळे एका रेषेत हवे असतील तर आधी एस, एक्स, ० करून सपाट करा, मग मीडियनमध्ये आकडा टाका.

जुना पत्ता सांगणारं मूल

पेरेंटिंगचा घोळ जास्त चकवतो, कारण इथे आकडा चुकीचा नसतो, शिळा असतो. टेबल एक्सच्या २ मीटरवर आहे, त्यावरचा दिवाही २ वर. दिवा टेबलाला कंट्रोल-पीने जोडला, म्हणजे टेबल पेरेंट आणि दिवा त्याचं मूल. दिव्याचा आकडा अजूनही २ च दाखवतो, सगळं छान. मग टेबल ५ वर नेलं. दिवाही बरोबर गेला, पण त्याच्या खान्यात अजून २! आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं, म्हणून आपण तिथे ५ टाकतो आणि दिवा ८ वर जातो.

कारण असं, की जोडताना वस्तू उडी मारू नये म्हणून ब्लेंडर त्या क्षणीच्या पेरेंटच्या जागेचा उलटा हिशेब एका न दिसणाऱ्या मॅट्रिक्समध्ये ठेवून देतो, त्याला पेरेंट इन्व्हर्स म्हणतात. त्यामुळे मुलाचा आकडा जगापासूनही मोजलेला नसतो आणि पेरेंटपासूनही. जोडलं त्या वेळच्या शून्यापासून मोजलेला असतो, आणि ते शून्य पेरेंटबरोबर सरकत राहतं. उपाय दोन. मुलाचे आकडे पेरेंटपासून हवेत तर ऑब्जेक्ट मेन्यूत अप्लायखाली पेरेंट इन्व्हर्स निवडा. दिवा हलत नाही आणि खान्यात ० येतं, म्हणजे टेबलापासूनचं खरं अंतर. जोडणीच नको असेल तर ऑल्ट-पी आणि ‘क्लिअर अँड कीप ट्रान्सफॉर्मेशन’. मग ५ दिसतं. नुसतं ‘क्लिअर पेरेंट’ केलंत तर दिवा २ वर उडी मारेल.

पेरेंटचं स्केल १ नसेल तर मुलाचा प्रत्येक आकडा त्या पटीत गुणला जातो. एफबीएक्स (मॉडेलांची देवाणघेवाण करायचा एक फाइल-प्रकार) फाइलींतून आलेल्या मॉडेलांत ०.०१ स्केलचा पेरेंट नेहमी दिसतो. त्याच्या मुलाला १०० मीटर दिले की ते जगात १ मीटर सरकतं.

वस्तू खरोखर कुठे आहे हे कुणालाही न विचारता बघायचं असेल तर करसरला साक्षीला बोलवा. वस्तू निवडून शिफ्ट-एस, करसर टू सिलेक्टेड, आणि व्ह्यूच्या टॅबमध्ये करसरचं लोकेशन वाचा. करसरला पेरेंट नसतो, तो जगाचाच आकडा सांगतो.

आकडा टिकतच नाही तेव्हा खान्याचा रंग बघा. पिवळा किंवा हिरवा असेल तर तिथे अ‍ॅनिमेशन आहे, जांभळा असेल तर ड्रायव्हर, म्हणजे तो आकडा दुसऱ्या कशावरून तरी हिशेबाने ठरतो. खान्यावर राइट-क्लिक करून ते काढा किंवा नव्या आकड्यावर आय दाबून नवी की द्या. खान्याशेजारचं कुलूप लावलेलं असेल तर गंमत उलटी: जी दाबून वस्तू हलत नाही, पण खान्यात आकडा टाकला तर हलते.

आणि जीचा विषय निघालाच आहे तर: जी, एक्स, ३० म्हणजे ‘एक्सच्या ३० वर जा’ नव्हे, ‘आहे तिथून ३० सरक’. एक्स दोनदा दाबला गेला तर वस्तूच्या स्वतःच्या अक्षावरून सरकते, जो फिरवलेल्या वस्तूत तिरका असतो. अमुक ठिकाणी जायचं तर खाना, अमुक इतकं सरकायचं तर जी. खान्यात 60mm/2 सारखा हिशेब एककासकट लिहिता येतो. मनात भागाकार करून गोल आकडा टाकण्यापेक्षा तो बरा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरांत हाच दोष कसा दिसतो

स्केचअपमध्ये ठिपक्याची भानगड नाही, कारण मूव्ह टूलने तुम्ही ज्या बिंदूला धरता तोच निर्देशकावर जातो. हलवायला सुरुवात केल्यावर [०,०,२५] असं चौकोनी कंसात टाइप केलं तर तो बिंदू अक्षांच्या शून्यापासून तिथे जातो. <०,०,२५> असं टोकदार कंसात केलं तर असलेल्या जागेपासून तेवढा. इथे चूक होते ती पकडण्यात. कोपरा समजून कडेवरचा भलताच बिंदू धरला जातो. ‘एंडपॉइंट’ ही अक्षरं दिसल्याशिवाय क्लिक करू नका. अक्ष कुणी हलवले असतील तर त्यांच्यावर राइट-क्लिक करून रीसेट. आणि मापाच्या आधी ~ हे चिन्ह दिसलं तर थांबा: याचा अर्थ खरं माप दाखवलेल्या आकड्याइतकं नेमकं नाही, गोल करून दाखवलंय. ~६० म्हणजे ६० नव्हे.

ऑटोकॅडवाल्यांची तक्रार बहुतेक एकच असते: तेच आकडे एका संगणकावर बरोबर, दुसऱ्यावर चूक. एफ१२ने चालू-बंद होणारं डायनॅमिक इनपुट तपासा. ते चालू असताना दुसरा बिंदू १००,५० असा टाकला तर तो आधीच्या बिंदूपासून मोजला जातो; बंद असेल तर शून्यापासून. दोन्हीकडे सारखं वागायला हवं असेल तर खूण लिहायची सवय लावा: डायनॅमिक इनपुट चालू असताना शून्यापासून हवं तर #१००,५०, आधीच्या बिंदूपासून हवं तर @१००,५०. तरीही चुकत असेल तर यूसीएस (हलवता येणारं शून्य आणि अक्ष) वर्ल्डवर आणा आणि आयडी कमांड देऊन कोपऱ्यावर क्लिक करा. तो कोपरा आपला आकडा स्वतः सांगेल.

फ्रीकॅडमध्ये प्लेसमेंट (जागेचे आकडे) बदलूनही वस्तू पुन्हा जागेवर येत असेल तर ती अटॅचमेंटने कशाला तरी चिकटवलेली आहे. तिथे जागा हिशेबाने ठरते, हाताने नाही. अटॅचमेंट ऑफसेटमध्ये आकडा द्या. आणि वस्तू पार्टच्या (अनेक भाग एकत्र ठेवणाऱ्या गटाच्या) आत असेल तर तिची प्लेसमेंट त्या पार्टपासून मोजली जाते. दिव्याची गोष्ट, फक्त शिळा हिशेब वगळून.

फाइल बाहेर गेली की

थ्रीडी प्रिंटसाठी वापरतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे असतात. ब्लेंडरमधला ६० मिलिमीटरचा डबा आतून ०.०६ मीटर असतो; स्लायसर (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) तोच आकडा मिलिमीटर समजून वाचतो आणि प्रिंटरच्या पाटावर धुळीच्या कणाएवढा डबा ठेवतो. एक्स्पोर्ट करताना स्केल १००० द्या.

अक्षांचं म्हणाल तर ब्लेंडरमध्ये झेड वर असतो, जीएलटीएफ या फाइल-प्रकारात वाय वर. ब्लेंडरमधला (१, २, ३) तिथे (१, ३, -२) होतो. वाय आणि झेड अदलाबदल होऊन एकाचं चिन्ह उलटलेलं दिसलं तर तो बिघाड नाही, दिशांचं भाषांतर आहे. हाताने आकडे सुधारायला जाऊ नका, नाहीतर पुढच्या आयातीत दुप्पट उलटं होईल.

शून्यापासून फार लांब

हा दोष कमी जणांच्या वाट्याला येतो, पण ज्यांच्या येतो त्यांचे दिवस खातो. सर्व्हेच्या निर्देशकांवर काढलेला नकाशा ब्लेंडरमध्ये आणला की भिंती दातेरी होतात, झूम केल्यावर वस्तू थरथरतात, टाकलेला आकडा आपोआप बदलतो. इथे ठिपका, पेरेंट, एकक सगळं बरोबर असतं.

ब्लेंडर मेशचे, म्हणजे वस्तूच्या अंगाचे आकडे ३२ बिटांत साठवतो, त्यात साधारण ७ अंक मावतात. आकडा मोठा झाला की दशांश चिन्हानंतरच्या अंकांना जागा उरत नाही. यूटीएम या सर्व्हेच्या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेषेला पूर्वेकडचा आकडा ५,००,००० मीटर दिलेला असतो. तिथे दोन शेजारच्या शक्य आकड्यांत ३ सेंटिमीटरचं अंतर पडतं. उत्तरेकडचा आकडा ४०,००,०००च्या आसपास असेल तर थेट २५ सेंटिमीटरचं. मधे काही टाकलं तर ते जवळच्या पायरीवर सरकतं. ऑटोकॅड ६४ बिटांत काम करत असल्यामुळे मूळ फाइलीत हे दिसत नाही, आणि दोष आयातीच्या माथी मारला जातो.

फाइल आणण्याआधी, मूळ सॉफ्टवेअरमध्येच, सगळं मॉडेल एका गोल आकड्याने शून्याजवळ ओढा. पूर्वेतून ५,००,००० वजा, उत्तरेतून ४०,००,००० वजा, असं काहीतरी. तो आकडा फाइलच्या नावातच लिहून ठेवा. वेगळ्या कागदावर लिहिलेला सापडत नाही, हे अनुभवाने सांगतो. ब्लेंडरमध्ये आणल्यावर वजा करून उपयोग नाही, तोवर अंक गळून गेलेले असतात.

याउलट, ०.३ टाकल्यावर खान्यात डबल-क्लिक केलं आणि ०.३००००००१२ दिसलं तर घाबरू नका. ३२ बिटांत ०.३ नेमका लिहिताच येत नाही. मीटरमध्ये धरलं तरी ही चूक मिलिमीटरच्या एक लाखांश भागाच्या घरातली. तिच्यापायी कुठलंच झाकण अडकत नाही.

झाकणाचं म्हणाल तर ठिपका ब्लेंडरमध्ये दुरुस्त केला असता तर पुढच्या आयातीत पुन्हा कोपऱ्यातच आला असता. म्हणून ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो तिथेच रेखाचित्र ३० आणि २० ने सरकवून झाकणाच्या खालच्या बाजूचा मध्य शून्यावर आणला आणि फाइल नव्याने काढली. त्यानंतर जाडी चारदा बदलली, फाइल चारदा आणली. दर वेळी ०, ०, २५ आणि झाकण डब्यावर. अजूनही कधीकधी अडकतं, पण ते आता प्रिंटरच्या खात्यावर.